किती मार्काले?

इंगळे सरांना रस्त्यात कुणी "सर, कसे आहात?" असं विचारलं, की ते लगेच उत्तर देत नाहीत. थांबतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि उलट विचारतात, "किती मार्काले?"

ही थट्टा नव्हे. "एका मार्काला" म्हणालात तर उत्तर येतं, "बरा." दोन मार्कांना, "बरा हाये, गुडघा दुखते." आणि भिडेखातर किंवा अज्ञानापोटी तुम्ही पाच म्हणून बसलात, तर तुमची बस गेली म्हणून समजा. मग प्रस्तावना येते, गुडघ्याचा पूर्वेतिहास येतो, दुखण्याची निदान तीन कारणं येतात, केलेले उपाय येतात, आणि शेवटी "सारांश, बरा हाये" असा निष्कर्ष येतो. बुलढाण्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांना सहज विचारलं, "काय होतंय?" सर म्हणाले, "स्टेट करू का डिस्क्राइब?" डॉक्टरांनी गुडघा बाजूला ठेवून आधी बीपी तपासलं.

मी वडनेर भोलजीची. शिकायला म्हणून घाट चढून बुलढाण्याला आले आणि शकुंतलाकाकूंच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहिले. काकूंच्या तारेच्या कुंपणापलीकडे सरांचं घर. पहिल्याच संध्याकाळी तिकडून आवाज आला, "हुकूम काय हाये? अबे, हुकूम कोनता हाये ते सांग पहिले!" डोकावून पाहिलं तर ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर कॉलेजातली पोरंपोरी खच्चून बसलेली, आणि मधोमध पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा. मला वाटलं पत्ते चालू आहेत. भर उजेडात एक वयस्क माणूस विद्यार्थ्यांना पत्ते शिकवतोय! मी त्या काळी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायला नुकतीच लागले होते, त्यामुळे मनात मथळासुद्धा तयार झाला.

"काकू, हे काय चाललंय?"

"तो? तो इंग्रजी शिकवते बापा," काकू म्हणाल्या. "फुकट शिकवते. आन फुकट शिकवते म्हनून लय शिकवते."

सर जन्मभर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बायको निवृत्तीच्या आधीच गेली. मुलगा पुण्यात नोकरीला. आणि सरांच्या ओसरीवर येणारी पोरं शेतीच्या पदविकेची. या पदविकेची गंमत सांगते, आणि गंमत म्हणते ती रागानं म्हणते. वर्गात शिकवणार मराठीत. उत्तरं मराठीत लिहिलेली चालणार. प्रश्नपत्रिका मात्र येणार इंग्रजीत, फक्त इंग्रजीत! म्हणजे विहिरीत पाणी आहे, पोराच्या हातात बादली आहे, आणि दोर ठेवलाय साहेबाच्या कपाटात. ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव मी इथं घेत नाही. पत्रकात घ्यायचं तेव्हा घेतलं आहे.

सरांचं म्हणणं असं, की पोरं नापास होतात ती उत्तर येत नाही म्हणून नव्हे. "उत्तर तं तुह्या बापालेबी येते," ते म्हणत. "जन्मभर वावरच करून राह्यला तो. प्रश्न कोनाले येते?" म्हणून ते उत्तर कधीच शिकवत नसत. फक्त प्रश्न शिकवत. आणि प्रश्नातही बाकीचं सगळं सोडून एकच शब्द: स्टेट, डिफाइन, एक्सप्लेन, जस्टिफाय, डिस्टिंग्विश. या शब्दांना त्यांनी नाव दिलं होतं 'हुकूम'. "प्रश्न म्हंजे साहेब हाये. तो काय सांगून राह्यला, ते आयकाचं. डिफाइन म्हनला का व्याख्या देऊन गप बसाचं. एक्सप्लेन म्हनला का जाग्यावरून उठाचं नाई. साहेबानं पानी मांगतलं आन तू जेवन वाढलं, तं मार्क कोन देईन?"

मी आधी चेष्टा म्हणून कुंपण ओलांडून गेले. मग सवयीनं जायला लागले. माझा विषय मराठी वाङ्मय, मला त्या हुकमांशी काही देणंघेणं नव्हतं. पण सरांकडे एक खजिना होता, आणि तो ऐकायला मी जात असे. इतक्या वर्षांत पोरांनी या शब्दांच्या ज्या ज्या चुका केल्या, त्या सगळ्या त्यांना तोंडपाठ. चूक करणाऱ्याचं नाव ते कधी सांगत नसत. फक्त तालुका सांगत.

"जळगाव जामोदचा एक पोट्टा. पेपरात आलं, 'स्टेट एनी टू कॉजेस ऑफ सॉइल इरोजन.' त्यानं स्टेट पाह्यलं, टू पाह्यलं. लिहून आला: महाराष्ट्र, मध्यप्रदेश."

पोरं हसत. सर हसत नसत. "हसू नोका. त्याच्या गावाच्या मांगं डोंगर चढला का मध्यप्रदेशच हाये. त्याच्या हिशोबानं बरोबर हाये ते."

मेहकर तालुक्यातल्या एकानं 'डिस्कस' वाचलं आणि चर्चा करायला मागच्या बाकाकडे तोंड वळवलं. भरारी पथकानं पकडलं, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, पेपरातच सांगतलं हाये." चिखली तालुक्यातल्या एका मुलीनं 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे नव्हे, आदरपूर्वक असं धरून सगळ्या शास्त्रज्ञांना 'आदरणीय' लावलं, आणि एका किडीलाही. 'क्रिटिकली एक्झामिन' हा तर आमच्याकडे प्रश्नच वाटत नाही. आमच्याकडे क्रिटिकल म्हणजे अकोल्याला रेफर केलेला. तेव्हा 'क्रिटिकली एक्झामिन द कंडिशन ऑफ द क्रॉप' असं आल्यावर एकानं लिहिलं, की पिकाची परिस्थिती चिंताजनक असून नातेवाईकांना कळवण्यात आलं आहे.

आणि गजानन. गजाननची गोष्ट तालुक्याशिवाय सांगितली जाई, कारण गजानन समोरच बसलेला असे आणि स्वतःच सांगे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या पेपरला त्यानं पहिली ओळ वाचली, 'अटेम्प्ट एनी फोर', आणि त्याला घाम फुटला. गावात अटेम्प्ट हा शब्द एकाच कामासाठी वापरतात. अटेम्प्ट म्हणजे हाफ मर्डर. त्याच्या चुलत्यावर तसली केस होती.

"मले वाटलं, चौघायचा?" गजानन म्हणे.

"मंग काय केलं बे?" सर विचारत. दर वेळी विचारत.

"मी म्हनलं, आपून या भानगडीत पडाचंच नाही. कंपल्सरी प्रश्न सोडवला आन बाहेर आलो."

त्या संध्याकाळी आठवतात. बुलढाण्याची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, तिथं दिवाळीनंतर सूर्य मावळताना सोबत ऊबही घेऊन जातो. पोरं टोपरी बांधून, शाली गुंडाळून येत. कुणी गावाकडून हरभऱ्याचे घाटे आणी, ते सोलत सोलत हुकूम पाठ होत. सर मधूनच ओरडत, "डिस्टिंग्विश!" आणि दहा तोंडं हरभरा चावत म्हणत, "फरक सांगा!" "एक्स्टिंग्विश!" "आग विझवा!" "घोटाळा करान का?" "नाई!" मग पुन्हा घोटाळा होई. शेवटची बस गाठायला खेड्यातली पोरं पळत, आणि सर ओसरीच्या पायरीवर उभे राहून त्यांच्या पाठीवर एक एक हुकूम फेकत. फाटकातून बाहेर पडलेलं पोर रस्त्यावरून उत्तर ओरडे. कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही 'एन्यूमरेट' म्हणजे एकेक मोजून सांगा, हे माहीत झालं होतं. मी नंतर पुष्कळ सभा पाहिल्या, पुष्कळ घोषणा दिल्या. इतक्या आनंदानं माणसांना ओरडताना मी पुन्हा पाहिलं नाही.

रविवारी सकाळी पुण्याहून मुलाचा फोन यायचा. सर फोन स्पीकरवर ठेवत, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू येई. त्यामुळे कुंपणाच्या अलीकडे आम्हालाही ऐकू येई.

"बाबा, कसे आहात?"

"बरा."

"जेवण वगैरे?"

"हाव."

"बरं मग, ठेवतो."

"ठेव."

एकदा मी न राहवून विचारलं, "सर, रस्त्यातल्या माणसाला पाच मार्कांचं उत्तर देता आणि मुलाला एका मार्काचं?"

"त्यानं तेवढ्याचंच विचारलं," सर म्हणाले. "प्रश्नापक्षा मोठं उत्तर लिहू नये. टाइम वाया जाते परीक्षकाचा." आणि ते आत निघून गेले.

आता निवेदनाकडे येते.

दुसऱ्या वर्षी आमच्या संघटनेनं ठरवलं, की हा इंग्रजी प्रश्नपत्रिकेचा छळ बंद झाला पाहिजे. इंग्रजी काढून टाका असं आमचं म्हणणं नव्हतंच. इंग्रजीखाली मराठी छापा, एवढंच. विहाराच्या सभागृहात बैठक झाली, मी निवेदन लिहिलं, आणि त्यावर निवृत्त शिक्षकांच्या सह्या घ्यायचं ठरलं. पहिली सही इंगळे सरांची, हे मी सगळ्यांना परस्पर सांगूनही टाकलं.

सरांनी निवेदन दोनदा वाचलं.

"मांडनी बरी हाये. निषेध तीन ठिकानी आला. एकदा लिहिला तरी मार्क तेवढेच भेटतात."

"सही, सर."

"नाई."

"काऊन?"

"घाट उतरून मलकापूरले जाय. ठेसनावर उभी राह्य. गाडीत बसली का पुढं समदा इंग्रजीचा मुलूख हाये. पोट्ट्यायले इथंच मराठीची कुबडी देशीन, तं तिथं पडतीन ते."

"सर, गाडीत बसायला आधी पास तर झाले पाहिजेत! ज्याला प्रश्नच कळत नाही—"

"मी हाये ना कळवाले."

"तुम्ही इथं आहात. संग्रामपूरला कोण आहे? सिंदखेडराजाला कोण आहे? सगळा जिल्हा तुमच्या ओसरीवर मावतो का?"

सरांनी निवेदनाची घडी घातली. मला शांतता सहन होत नाही, म्हणून मी पुढचं बोलले. "स्पष्ट सांगू? प्रश्नपत्रिका मराठीत आली तर तुमचं दुकान बंद होईल. म्हणून तुम्ही सही करत नाही."

पलीकडे काकू कपडे वाळत टाकत होत्या. त्यांचा हात तारेवर थांबला.

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "फुकटाचं दुकान हाये वं माह्यं," ते म्हणाले. "पन दुकान हाये, हे खरं."

सही काही त्यांनी केली नाही. मी महिनाभर त्या ओसरीवर गेले नाही, आणि जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेतला नाही.

मग निकाल लागले आणि रंजना नापास झाली.

रंजना म्हणजे त्या सतरंजीवरची सगळ्यात हुशार मुलगी. मोताळ्याकडच्या एका खेड्यातली. आई दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर वांगी, टमाटे लावायची आणि बाजाराच्या दिवशी विकायची. रंजनाला सगळे हुकूम पाठ होते. ती नापास झाली एका विषयात, आणि त्या विषयात एका प्रश्नावर. ती प्रश्नपत्रिका घेऊन सरांकडे आली तेव्हा रडत नव्हती. चिडलेली होती. तिचा चढलेला आवाज ऐकून मी कुंपणापाशी गेले.

"हुकूम कोनता होता?" सर विचारत होते.

"अकाउंट."

"मंग?"

"तुम्हीच सांगतलं होतं सर, 'गिव्ह ॲन अकाउंट ऑफ' म्हंजे हकिगत सांगा. मी सांगतली. वांग्याचं पान कसं पिवळं पडते, आधी खालचं पडते, मंग वरचं, कडेनं कसं सुकत येते, समदं लिहिलं. दोन पानं. एक मार्क नाही देला."

सरांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"ऑफ नाई," ते म्हणाले. "फॉर हाये. 'अकाउंट फॉर.' फॉर असला का हकिगत नोहे. कारन द्या."

त्यांनी प्रश्नपत्रिका सतरंजीवर ठेवली.

"हा फॉर मी शिकवलाच नाही," सर म्हणाले. "इतके साल झाले. माह्या तोंडून निंघालाच नाही कधी." मग त्यांनी रंजनाकडे पाहिलं. "पान पिवळं काऊन पडते वं?"

"पानी साचलं का मुळं गुदमरतात," रंजना एका दमात म्हणाली. "खत कमी पडलं का पडते. मावा बसला का पडते. आईच्या वावरात दिसते ना सर."

"हे लिहाचं होतं."

"लिहिलं असतं ना! कोनी विचारलंच नाही असं. काऊन पडते, एवढंच विचाराचं होतं त्याहीनं."

दुसऱ्या दिवशी मी दात घासत होते तेव्हा सर कुंपणापाशी येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, खिशाला पेन. "काढ तुह्यं निवेदन," म्हणाले. सही केली. सहीखाली तारीख टाकली, तारखेखाली रेघ मारली. मग म्हणाले, "मीबी येतो संगं."

परीक्षा घेणाऱ्या त्या संस्थेच्या कार्यालयात आम्ही गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी आम्हाला पाऊण तास बसवून ठेवलं आणि मग समजावलं, की इंग्रजी प्रश्नांमुळे ग्रामीण विद्यार्थ्यांचा दर्जा उंचावतो. मी तोंड उघडणार, तोच सर उठले.

"साहेब, एकच इंग्रजी प्रश्न विचारतो. परवानगी हाये?"

"विचारा ना."

"अकाउंट फॉर धिस डिले."

साहेब म्हणाले, "अकाउंट्स सेक्शन खालच्या मजल्यावर आहे."

आम्ही कुणीही हसलो नाही, कारण सरांनी डोळ्यांनी दटावलं होतं. जिना उतरताना मात्र गजानन पायरीवर बसून पोट धरून हसला. सर त्याला म्हणाले, "हसू नोको. त्यालेबी कोनी शिकवला नसन."

त्यानंतर स्मरणपत्रं झाली, धरणं झालं, पुन्हा स्मरणपत्रं झाली. मी सगळं सांगत बसत नाही. आम्ही जिंकलो. पुढच्या परीक्षेपासून इंग्रजी प्रश्नाखाली मराठी प्रश्न छापण्याचं परिपत्रक निघालं. आम्ही पेढे वाटले. सरांकडेही मी पेढा घेऊन गेले. त्यांनी तो खाल्ला, हात पुसले, आणि म्हणाले, "मस्त झालं."

आणि पोरं यायची बंद झाली.

कुणी ठरवून बंद झालं नाही. आधी लांबच्या गावांतली आली नाहीत, त्यांची बस वाचली. मग शहरातली आली नाहीत. आता मराठीतच येणार, मग कशाला जायचं, हे सरळ होतं आणि बरोबरही होतं. आम्ही लढलो होतो ते यासाठीच. काकू मला म्हणाल्या, "तो रोज टायमाले सतरंजी अंथरते बापा. मंग सोताच तिच्यावर बसते. मंग सोताच गुंडायते." भाजीवाली दारात आली की सर तिला म्हणत, "भाव स्टेट कर." ती म्हणे, "राज्याचा भाव मले काय माईत बापू, बुलढान्याचा सांगतो." सरांनी ती चूक तोंडपाठ केली असणार. पण ती सांगायला समोर कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी मी गेले. ते सतरंजीवर बसले होते, सगळी सतरंजी मोकळी आणि ते एका कडेला. जणू बाकीची जागा कुणाची तरी आहे.

मी गुळमुळीत बोलू शकत नाही. मी सरळ विचारलं, "सर, पोरं यायची बंद होतील हे तुम्हाला ठाऊक होतं. मग सही का केली?"

त्यांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

"मी लय साल सोतालेच सांगत होतो," ते म्हणाले, "का बापा, पोट्टे पास व्हावं म्हनून मी शिकवतो. ते माह्या घरी यावं म्हनून नाई. रंजना त्या दिवशी गेल्यावर म्हनलं, पाहून तं घ्यावं, हे खरं हाये का."

"मग? निघालं खरं?"

"अर्धं," सर म्हणाले.

मी त्या सतरंजीवर बसले. काही बोलले नाही. ते माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी जमलं.

परीक्षा झाली. पहिल्या पेपरच्या दुपारी गजानन धावत माझ्या खोलीवर आला. त्याच्या हातात ती आमची, आम्ही लढून मिळवलेली मराठी प्रश्नपत्रिका होती, आणि चेहरा पडलेला होता.

"ताई, हे कोनती मराठी व्हय?"

मी वाचलं. 'रासायनिक खतांच्या वापराचा ऊहापोह करा.' 'कीटकनाशक फवारणीचे टप्पे विशद करा.' 'पीक फेरपालटाच्या उपयुक्ततेची मीमांसा करा.' खाली बारीक अक्षरात एक टीप: मराठी अनुवादात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरावा.

"संदिग्धता म्हंजे काय ताई?" गजानन म्हणाला.

"तू काय लिहिलंस ते सांग आधी."

त्यानं 'रासायनिक खतांचा पोह्यांवर होणारा परिणाम' या विषयावर दीड पान लिहिलं होतं. धान, मग खत, मग तांदूळ, मग पोहे, असं शास्त्रशुद्ध. त्याच्या शेजारच्यानं 'विशद करा'मध्ये 'विष द्या' वाचलं आणि असं करणं हा गुन्हा आहे, असं बजावून लिहिलं.

मी संतापले. अजूनही हे लिहिताना संतापते आहे! या लोकांनी आम्हाला आमची भाषा दिली म्हणे! ही भाषा आमच्या कोणत्या वावरात, कोणत्या चुलीपुढे, कोणत्या बाजारात बोलली जाते? मी तीच प्रश्नपत्रिका घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती वाचली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे हसण्यानं हलताना मी पाहिले.

"आपून माय बोलावली," ते म्हणाले, "आन आली सासू."

दुसऱ्याच दिवशी ओसरीवर पाचसहा पोरं होती. आठवड्याभरात सतरंजी पुरेना. काकूंनी आपली एक चटई कुंपणावरून टाकली, वर म्हणाल्या, "आता मराठीबी फुकट का? मंग लयच शिकवशीन." सरांनी 'विशद' शिकवला, 'ऊहापोह' शिकवला, 'साधकबाधक' शिकवला. इंग्रजी हुकूमही शिकवले, त्या बारीक अक्षरातल्या टिपेसाठी. रंजना मधल्या फेरपरीक्षेत पास झालेली होती, तरी ती येऊन बसे आणि लहान पोरांना 'अकाउंट फॉर' म्हणून घेई. सर तेवढा वेळ मुद्दाम गप्प बसत.

आणि मी, अर्थातच, नवीन निवेदन लिहिलं. मागणी एकच: प्रश्न समजेल अशा मराठीत विचारा. 'ऊहापोह करा' नको, 'फायदे तोटे सांगा' म्हणा. 'मीमांसा' नको, 'का ते सांगा' म्हणा. ते घेऊन मी कुंपण ओलांडलं तेव्हा ओसरी भरलेली होती, कुणीतरी हरभऱ्याचे घाटे आणले होते आणि सालपटांचा ढीग पडला होता.

सरांनी निवेदन वाचलं. मी काही बोलायच्या आत खिशातलं पेन काढलं आणि सही केली. तारीख टाकली, रेघ मारली. पण कागद लगेच दिला नाही. हातातच धरून ठेवला, एकदा पोरांकडे पाहिलं, आणि मग आवाज खाली आणून, पोरांना ऐकू जाणार नाही असं, मला म्हणाले, "हे मंजूर व्हायले टाइम लागीन ना वं?"

"लागेल, सर," मी म्हणाले. "ही माणसं लवकर ऐकत नाहीत."

"हाव," सर म्हणाले. "लवकर नाई आयकत." त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि घाईघाईनं सतरंजीकडे वळले. "हां, चला बे. मीमांसा. कोन सांगते?"